पाळी दर आठवड्याला बदलते. अशा वेळी बायबलचे नित्य वाचन कसे टिकवावे?

चाकणकर (प्रश्न)

सर्वांना सलाम. मी चाकणच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करतो आणि माझी पाळी दर आठवड्याला बदलते. सकाळच्या पाळीची बस पहाटे साडेपाचला नाक्यावर येते, दुपारच्या पाळीहून घरी पोहोचेपर्यंत मध्यरात्र होते, आणि रात्रपाळीच्या आठवड्यात शेजारीपाजारी न्याहारीला बसतात तेव्हा मी खिडकीला जाड पडदा ओढून झोपायच्या तयारीत असतो. आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) वर्षाच्या पहिल्या उपासनेनंतर एक छापील तक्ता वाटला जातो. उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत संपूर्ण पवित्र शास्त्र एका वर्षात वाचून व्हावे अशा बेताने त्यात रोजचे तीन-चार अध्याय नेमून दिलेले असतात आणि वाचून झाले की समोरच्या चौकोनात खूण करायची असते. जानेवारीत हे व्यवस्थित चालते. मग रात्रपाळीचा आठवडा येतो, पंधरा-वीस अध्याय मागे पडतात, सुट्टीच्या दिवशी ते एका बैठकीत उरकायचे ठरते, आणि निवासमंडपाची मापे किंवा लेवीयातील यज्ञांचे प्रकार अशा घाईने वाचले की डोळे ओळींवरून फिरतात, पण मनात काही उतरत नाही. पुढे तो तक्ता कपाटाच्या दाराला आतून चिकटलेला तेवढा राहतो.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. शब्बाथशाळेपासून (मुलांच्या रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गापासून) आम्हांला सांगितले गेले की देवाच्या वचनासाठी पहाटेचीच वेळ राखावी. ज्याची पहाटच दर आठवड्याला सरकते त्याने काय करावे? मागे पडलेले अध्याय भरून काढावेत की सोडून द्यावेत? आणि पुन्हा सुरुवात करायची तर ती उत्पत्तीपासूनच करणे योग्य आहे का? 'मनापासून इच्छा असली की वेळ मिळतोच' हे उत्तर मंडळीत पुष्कळदा ऐकले आहे, म्हणून कृपया त्यापलीकडचे सांगावे.

नगरची शिक्षिका

सलाम. तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण माझ्या मते खरी अडचण तिथेच आहे. प्रॉटेस्टंट बायबलात 66 पुस्तके आणि 1,189 अध्याय आहेत. त्यांना 365 दिवसांनी भागले तर रोजचे सव्वातीन अध्याय होतात. उत्पत्तीचे 50 आणि निर्गमाचे 40 अध्याय या गतीने जानेवारीच्या अखेरीस संपतात, लेवीयाचे 27 फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात, आणि गणनाचे 36 त्याच महिन्याच्या मध्यापर्यंत. म्हणजे नव्या वर्षाचा उत्साह ओसरण्याची वेळ आणि संपूर्ण शास्त्रातील सर्वांत अवघड वाटणारा भाग यांची गाठ हा तक्ताच घालून देतो. आमच्या महिला मंडळात दर वर्षी किती जणींचे वाचन फेब्रुवारीत थांबते हे पाहिले की दोष केवळ इच्छाशक्तीला देता येत नाही.

याचा अर्थ लेवीय टाळावे असा मुळीच नाही. शेताच्या कोपऱ्याकोपऱ्यांतले पीक झाडून कापू नका, पडलेले कणीस वेचू नका, ते गरिबांसाठी आणि उपऱ्यांसाठी राहू द्या, हा नियम एकोणिसाव्या अध्यायात आहे. तो वाचलेला असेल तर मवाबाहून आलेली रूथ बवाजाच्या शेतात कापणाऱ्यांच्या मागून सरवा वेचते तेव्हा ती कोणाच्या मेहेरबानीवर नव्हे, तर हक्काने वेचते आहे हे उमगते. गणनाच्या सत्ताविसाव्या अध्यायात सलाफहादाच्या पाच मुली मोशेसमोर उभ्या राहून बापाच्या वतनात वाटा मागतात आणि परमेश्वर त्यांची बाजू बरोबर ठरवतो. शिरगणतीच्या याद्यांना कंटाळून पुस्तक मिटणारी व्यक्ती या मुलींपर्यंत पोहोचतच नाही. मात्र ज्याला आधी वाचनाची बैठक बसवायची आहे त्याने ही पुस्तके पहिल्या दोन महिन्यांत घेऊ नयेत, इतकेच माझे म्हणणे आहे.

तुम्ही नव्या करारातील मार्काच्या शुभवर्तमानापासून (मार्काने सांगितलेल्या येशूच्या चरित्रापासून) सुरुवात करा. अवघे सोळा अध्याय आहेत, प्रसंगामागून प्रसंग येतात आणि एका प्रसंगाला पाच मिनिटेही लागत नाहीत. रेव्हरंड ना. वा. टिळकांची हकिगत तुम्हांला ठाऊक असेलच. राजनांदगावला जाताना आगगाडीत भेटलेल्या एका युरोपीय गृहस्थाने त्यांना नवा करार दिला आणि तो वाचण्याचे वचन घेतले. पुस्तकाची गोडी लागली म्हणून नव्हे, तर दिलेल्या शब्दासाठी ते हातात पेन्सिल घेऊन खुणा करत वाचत राहिले, आणि मत्तयाच्या पाचव्या अध्यायाशी, डोंगरावरील प्रवचनाशी आल्यावर त्यांना पुस्तक सोडवेना. त्या वेळी त्यांच्यापुढे तारखांचा तक्ता नव्हता, पण शब्द दिला होता आणि पेन्सिल होती. ही पेन्सिल मला फार महत्त्वाची वाटते. ज्या वचनापाशी, म्हणजे शास्त्रातील ज्या ओळीपाशी, मन अडखळते तिथे समासात बारीक रेघ ओढावी, म्हणजे दुसऱ्या दिवशी पुस्तक उघडताना कालचा धागा हाती लागतो. फोनवर वाचण्यास माझा विरोध नाही, परंतु वाचता वाचता वरून संदेशांची पट्टी सरकली की अध्याय तिथेच राहतो हे घरोघरी दिसते.

मिरजेची परिचारिका

चाकणकर दादा, पहाटेविषयी मी लिहिते, कारण रात्रपाळी आमच्याही नशिबाला आहे. पहाटे उठून प्रार्थना करावी हे खरेच. प्रभू येशू पहाटेच्या अंधारात उठून रानात गेला असे मार्काच्या पहिल्याच अध्यायात आहे. पण 'अनुवाद' या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात वचनाविषयी जी आज्ञा आहे तिच्यात घरी बसलेले असताना, वाटेने चालत असताना, निजताना आणि उठताना अशा चारही वेळा सांगितल्या आहेत. घड्याळातील एक तास ठरवून दिलेला नाही. माणूस जे रोज करतोच त्या कामांना वचन जोडून दिले आहे. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायातील दिवससुद्धा संध्याकाळपासून मोजला आहे: आधी संध्याकाळ, मग सकाळ. मग आपला दिवस सकाळी सहालाच सुरू झाला पाहिजे असा आग्रह कशासाठी धरायचा?

म्हणून मी वाचनाची वेळ ठरवत नाही, जागा ठरवते. ड्युटीवरून आल्यावर हातपाय धुऊन पहिला चहा घेतला जातो, मग तो सकाळी आठला असो किंवा रात्री दहाला, आणि त्या चहाच्या कपाशेजारी बायबल असते. पाळी बदलली तरी चहा बदलत नाही. ही युक्ती माझी एकटीची नव्हे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 96 जणांवर केलेल्या अभ्यासात प्रत्येकाने आपली नवी सवय 'न्याहारीनंतर' अशा रोजच्या एखाद्या प्रसंगाला जोडली होती. तो अभ्यास 2010 साली छापून आला. सवय आपोआप घडू लागण्यास सरासरी 66 दिवस लागतात असे त्यांना आढळले, मात्र व्यक्तीव्यक्तींत फरक इतका होता की कोणाला 18 दिवस पुरले, तर कोणाच्या बाबतीत 254 दिवसांचा अंदाज निघाला. (बायबलातील पुस्तकेही 66 आहेत म्हणून कोणी यातून संकेत काढू नये!) आपल्या कामाची गोष्ट अशी की एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्यात म्हणण्यासारखी बाधा आली नाही. एक दिवस हुकला म्हणजे सगळे मोडले, असे समजून पुस्तक बाजूला ठेवणे हेच अधिक घातक आहे.

रात्रपाळीच्या आठवड्यासाठी वेगळे, लहान वाचन ठरवा. स्तोत्रसंहितेतील 120 ते 134 ही पंधरा स्तोत्रे यरुशलेमेस यात्रेला जाणाऱ्यांची म्हणून ओळखली जातात आणि त्यांतील बहुतेक अगदी छोटी आहेत. एकशे तिसाव्या स्तोत्रात पहाटेची वाट पाहणारे पहारेकरी आहेत. एकशे चौतिसाव्यात तर जे सेवक रात्रीच्या वेळी परमेश्वराच्या घरात उभे राहतात त्यांनाच हाक मारली आहे, आणि ते सारे स्तोत्र तीन वचनांचे आहे. पहाटे तीनला वॉर्डात शांतता असताना ही तीन वचने मनात म्हटली की रात्रपाळीच्या माणसालाही शास्त्रात जागा आहे हे पटते. त्या आठवड्यात याहून अधिक वाचण्याचा हट्ट धरू नये असे माझे मत आहे.

वसईचा वाचक

आम्ही कॅथलिक असल्यामुळे आमची पद्धत थोडी वेगळी आहे, पण तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर ती उपयोगी पडेल असे वाटते. मिस्सेत (कॅथलिकांच्या मुख्य उपासनेत) रोज कोणता उतारा वाचायचा हे जगभरच्या चर्चसाठी ठरलेले असते. सध्याचा क्रम दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, 1969 साली आखला गेला. आठवड्याच्या दिवसांत पहिले वाचन दोन वर्षांच्या फेऱ्याने येते आणि शुभवर्तमान दर वर्षी तेच असते. सामान्य काळात, म्हणजे नाताळ आणि ईस्टर यांच्या काळांखेरीज उरलेल्या वर्षात, आधी मार्क, मग मत्तय, मग लूक. रविवारचा फेरा तीन वर्षांचा असतो. आमच्या घरी संध्याकाळच्या रोझरीनंतर (जपमाळेच्या प्रार्थनेनंतर) त्या दिवसाचे शुभवर्तमान कोणीतरी मोठ्याने वाचते, बहुधा धाकटी मुलगी, आणि एखादा कठीण शब्द आला की तिची आजी तिला थांबवून उच्चार दुरुस्त करते.

या पद्धतीत थकबाकी हा प्रकारच नाही. काल वाचन झाले नाही तर आज आजचेच वाचायचे, कारण आजचा उतारा आजच्या मिस्सेचा आहे आणि तोच उतारा गावातल्या देवळात आणि परदेशी गेलेल्या भावाच्या चर्चमध्येही वाचला गेलेला असतो. निर्गमाच्या सोळाव्या अध्यायात मान्ना, म्हणजे रानात इस्राएलांना देवाकडून मिळणारे अन्न, रोजच्या रोज गोळा करायचा होता. ज्यांनी तो सकाळसाठी साठवून ठेवला त्यांच्या मान्नात किडे पडले. मागचे अध्याय सुट्टीच्या दिवशी एकदम गिळण्याविषयी माझे मत त्या अध्यायावरून बनले आहे.

उणीव मात्र सांगितली पाहिजे. मिस्सेतील वाचने निवडक असल्यामुळे जुन्या कराराचा बराच भाग कधी कानांवर पडतच नाही, आणि उतारे तुकड्यातुकड्यांनी येतात. त्यासाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे 'सुबोध बायबल' मी रविवारी दुपारी निवांतपणे वाचतो. तिथे तारीख नाही, फक्त खुणेची फीत आहे.

सोलापूरचा सेवक

वर सर्वांनी तक्त्याला इतके झोडपले आहे की त्याची बाजू कोणीतरी मांडणे आवश्यक झाले आहे. माणसाला त्याच्या आवडीवर सोडले तर तो आयुष्यभर तेविसावे स्तोत्र, योहानाचा तिसरा अध्याय आणि करिंथकरांस पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय एवढेच वाचत राहील. आमोसाचे खडे बोल, विलापगीत किंवा शास्ते यांतील अंगावर येणारी प्रकरणे आपण होऊन कोण उघडतो? तक्ता आपल्याला नको असलेल्या पानांवर नेतो आणि हे त्याचे मोठे काम आहे.

दोष तक्त्याच्या एका विशिष्ट प्रकारात आहे. स्कॉटलंडमधील डंडी येथील पाळक रॉबर्ट मरे मॅकशेन यांनी 1842 साली आपल्या मंडळीसाठी केलेली योजना आजही जगभर वापरली जाते. तिच्यात रोज चार ठिकाणी वाचायचे असते आणि वर्षाची सुरुवात उत्पत्ती, एज्रा, मत्तय आणि प्रेषितांची कृत्ये या चारही पुस्तकांच्या पहिल्या अध्यायांपासून एकाच दिवशी होते. त्यामुळे वर्षभरात जुना करार एकदा, तर नवा करार आणि स्तोत्रे दोनदा वाचून होतात. लेवीय तिथेही आहे, परंतु तो साधारणपणे दिवसाला एक अध्याय असा येतो आणि सोबतीला इतर तीन वाचने असतात. म्हणून तो जड होत नाही. चारपैकी दोन वाचने कुटुंबासाठी आणि दोन एकांतासाठी अशी वाटणी त्यांनी केली होती. आणखी लक्षात घेण्याजोगे हे की योजनेच्या सोबत त्यांनी तिचे धोकेही लिहून ठेवले: वाचन नुसता उपचार होणे, खुणा पूर्ण झाल्या म्हणून आपण धार्मिक आहोत असे वाटू लागणे, बेफिकिरीने वाचणे, आणि काहींसाठी ते न पेलवणारे जू ठरणे. पुढच्याच वर्षी, वयाच्या अवघ्या 29व्या वर्षी, ते वारले. आपल्याकडे तक्ते छापले जातात, पण ते धोके कोणी छापत नाही ही माझी तक्रार आहे.

पाळीच्या नोकरीत चार अध्याय झेपणार नाहीत, हे मान्य. मग तीच योजना दोन वर्षांत पसरवा आणि रोज दोनच वाचने घ्या. वरच्या तारखा खोडून नुसता क्रम ठेवा. चुकलेल्या दिवसाचे अध्याय भरून काढायचे नाहीत आणि गाळायचेही नाहीत; जिथे थांबलात तिथून पुढे जायचे. दोन वर्षांची अडीच झाली तरी बिघडत नाही.

आणखी एक सूचना करतो, जी वसईकरांच्या मुद्द्याला धरून आहे. अध्याय हे वाचनाचे नैसर्गिक माप नव्हे. आजची अध्यायांची विभागणी तेराव्या शतकाच्या आरंभी स्टीफन लँग्टन या इंग्लिश धर्मगुरूंनी केली असे मानले जाते, आणि नव्या करारातील वचनांचे आकडे रोबेर एत्येन या मुद्रकाने 1551 साली घातले. ही सोय फार उपयोगी आहे, परंतु ती कधीकधी भलत्याच जागी तोडते. सृष्टीची कथा सातव्या दिवसाच्या विसाव्याने पुरी होते आणि तो सातवा दिवस मात्र दुसऱ्या अध्यायात गेला आहे. यशयातील दुःख सोसणाऱ्या सेवकाचे गीत बावन्नाव्या अध्यायाच्या तेराव्या वचनापासून सुरू होते, पण तक्त्याप्रमाणे वाचणारा बावन्नावा संपवून पुस्तक मिटतो आणि दुसऱ्या दिवशी त्रेपन्नाव्याच्या पहिल्या वचनात उपरा होऊन शिरतो. म्हणून नेमलेला अध्याय संपला तरी विषय संपला नसेल तर चार वचने पुढे वाचावीत, आणि सुट्टीच्या दिवशी थकबाकी उरकण्याऐवजी एखादे लहान पुस्तक सलग वाचावे. फिलिप्पैकरांस लिहिलेले पत्र, रूथ किंवा योना पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्याने वाचायला फार वेळ लागत नाही. पत्र हे पत्रासारखे एका बैठकीत वाचले की पौल कोणाशी आणि कशासाठी बोलतो आहे ते कळते; तुकड्यातुकड्यांनी वाचताना नुसती सुवचने हाती राहतात.

चाकणकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ताईंनी सांगितलेली चहाची जागा मला लगेच पटली, कारण तिन्ही पाळ्यांत घरी आल्यावरचा चहा हीच एक गोष्ट ठरलेली आहे. सेवकसाहेबांच्या सांगण्याप्रमाणे तक्त्यावरच्या तारखा खोडल्या आहेत. रात्रपाळीला 120 पासूनची स्तोत्रे आणि इतर आठवड्यांत मार्क असे ठरवतो; मार्क संपल्यावर मॅकशेन यांच्या योजनेतील दोन वाचने घेईन. पत्नीने विचारले आहे की आमची मुले पाच आणि आठ वर्षांची असताना कुटुंब प्रार्थनेत काय वाचावे, कारण पत्रे वाचली की धाकटा जांभया देतो. आणि मला बसमध्ये बायबलचे ध्वनिमुद्रण ऐकायची सोय आहे. ते वाचनात धरावे का?

नगरची शिक्षिका

मुलांना गोष्टी वाचून दाखवा, आणि त्याही मूळ पुस्तकातून. दाविदाने ओढ्यातून पाच गुळगुळीत गोटे वेचले, बलामाची गाढवी बोलली, पौलाला रात्री टोपलीत बसवून तटावरून खाली सोडले, या गोष्टींना जांभई येत नाही. आठ वर्षांच्या मुलाला स्वतः वाचू द्या, अडला तरी मध्ये बोलू नका. दहा वचने झाली की थांबा. मुले 'पुढे काय झाले?' असे विचारत असताना पुस्तक मिटलेले चांगले; दुसऱ्या दिवशी ती आपण होऊन येऊन बसतात.

ऐकणे जरूर धरावे. मंडळीतील पुष्कळांना लिहितावाचता येत नव्हते त्या काळापासून वचन कानांनीच घरोघरी गेले आहे, आणि प्रकटीकरणाच्या आरंभी जो आशीर्वाद आहे तो वाचून दाखवणाऱ्याला आणि ऐकणाऱ्यांना असा दोघांनाही आहे. मात्र बसमध्ये झोप लागते, म्हणून तिथे नवे काही न ऐकता आदल्या दिवशी वाचलेला भागच पुन्हा ऐकावा. मार्काच्या शेवटी आल्यावर सोळाव्या अध्यायाच्या आठव्या वचनानंतरची टीप तुमच्या प्रतीत असेल तर ती वाचून ठेवा. नवव्या वचनापासूनचा भाग सिनाईटिकस आणि व्हॅटिकानस या दोन अतिप्राचीन हस्तलिखितांत नाही, आणि बसमधील ध्वनिमुद्रणात ही टीप कोणी वाचून दाखवणार नाही.